आष्टीला नाटक आवडलं

आष्टी, ता. परतूर
१२ मार्च १९५८

चि. शरदचंद्र यास शरयूताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. गव्हाचं खळं चालू आहे, सासूबाईंचा दमा उन्हाळा लागल्यापासून कमी आहे. धाकटी धरून धरून उभी राहते. तुझी नोकरी ठीक चालली असेल. औरंगाबादचं पाणी तुला मानवतं का, ते तू कधीच लिहीत नाहीस.

पत्र मिळालं. तू लिहिलंस की 'वाटूरचा पट' तीन खेळांतच का बंद पडलं ते कळत नाही, आष्टीच्या मंडळींची मतं गोळा करून पाठव, ती जालन्याच्या नाटक मंडळीला दाखवून खेळ पुन्हा लावता येईल. म्हणून मतं पाठवते.

शेजारची तुळजाबाई तिन्ही खेळांना गेली. तिला बैल फार आवडले. घोंगडीखाली माणसं आहेत हे दिसत होतं, तरी छकडा उलटला तेव्हा ती रडली. शाळेतले केशवराव मास्तर म्हणाले की भाषा जोरकस आहे, शेवट जरा लांबला. हॉटेलवाला भागचंद म्हणतो, "असं नाटक आष्टीत कधी आल्तं न्हाई, शरदभाऊला सांगा." त्याच्याकडे चहाला बसणारे सगळे पराणीच्या, त्या अणकुचीदार काठीच्या प्रवेशाचंच बोलतात. जगदेव पराणीचं टोक शेजारच्या जोडीतल्या बैलाच्या पोटात खुपसतो, छकडा उलटतो, माणूस मरतो. त्या जागी लोक उठून उभे राहिले. दुसऱ्या खेळाला कुणी तरी जगदेवावर चप्पल फेकली.

नाव तरी दुसरं ठेवायचंस. तुझ्या दाजींच्या जगन्नाथ नावाचं जगदेव केलंस, आणि त्या नटाला कासरा डाव्या हातात धरायला लावलास. आष्टीत डाव्या हाताने छकडा हाकणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या शेजारी बसून नाटक पाहत होता.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. नाटक पाहून मलाच पुन्हा आठवून बघावं लागलं, की खरं काय झालं होतं.

पटाला, बैलांच्या शर्यतीला, त्या साली तहसिलीतून मनाई होती. तरी वाटूरच्या माळावर जोड्या जमल्या. तुझे दाजी आणि शेजारच्या छकड्यावरचा धर्मराज दोघे बराबर सुटले. यांच्या हातात पराणी नव्हती, यांनी ती कधीच धरली नाही. धर्मराजच्या छकड्याचं चाक निखळलं आणि तो खाली आला. तेवढ्यात पोलीस आल्याची ओरड झाली आणि अख्खा माळ रिकामा झाला. बैल सोडून, जोडे सोडून लोक पळाले. हे एकटे थांबले. धर्मराजला आपल्या छकड्यात घालून परतूरच्या दवाखान्याकडे निघाले, तो वाटेतच यांच्या मांडीवर गेला. पोलिसांना सापडले ते हे एकटेच, म्हणून खटलाही यांच्या एकट्यावर. कैद भोगून घरी आले तेव्हा धर्मराजची बायको द्वारकाबाई आमच्या ओसरीवर बसून होती. यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "तुमी व्हते म्हणून त्यो मातीत एकटा न्हाई मेला."

तेव्हापासून तिचं रान हेच पेरून देतात.

पहिल्या खेळाला ती पुढेच बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आली, आत आली नाही. दारातूनच विचारलं, "वहिनी, पराणी व्हती का?" मी म्हणाले, "बिलकुल न्हाई. तुम्हाला ठाऊक न्हाई का?" ती म्हणाली, "मला काय ठाऊक? मी तिथं नव्हते. सख्खा मेव्हणा खोटं कशाला लिहील?" आणि गेली. परवा यांनी तिच्या रानात औत नेलं, तर तिने बांधावरूनच परत लावलं.

हेच मत मी तुला आधी लिहायला हवं होतं.

तिसऱ्या खेळानंतर मी बजरंगलाल शेठकडे गेले. मांडव त्यांचा, गॅसबत्त्या त्यांच्या. म्हटलं, शेठजी, तुम्ही त्या दिवशी माळावर होता, तुम्ही पाहिलं आहे. ते बराच वेळ कापडाचा गठ्ठा बांधत राहिले. मग म्हणाले, "होतो बाई. पण नाटक बघताना मलाबी पराणी दिसली. आता आठवाया गेलो तर पराणीच दिसून राह्यली." तरी त्यांनी त्याच दिवशी बत्त्या उतरवल्या. तेव्हा खेळ का बंद पडला ते कळत नाही असं तू लिहितोस, तर तो मी पाडला. तुझा संशय दाजींवर असेल, तर तो काढून टाक. ते तर मला जाऊ नकोस म्हणत होते.

शरद, तुझ्या नाटकात सगळं आहे. बैल आहेत, धुरळा आहे, विधवेचा आक्रोश आहे. पळणारं मात्र कुणीच नाही. गाव नुसतं उभं राहून रडतं. म्हणून आष्टीला नाटक आवडलं. इतकी सालं यांच्याकडे पाहून मान खाली घालणारी माणसं आता ताठ मानेने दारावरून जातात.

मी तुझी बाजू घेतली होती, हेही ऐक. यांना म्हटलं, शरद तिथे नव्हता, ऐकीव गोष्टीवर लिहिलं, चुकला. हे बैलांना वैरण टाकत होते. मागे न बघता म्हणाले, "त्याला बराबर ठाऊक हाये. तो आल्ता तिथं."

मला कळेना. मग एकेक शब्द ओढून काढावा लागला. सुट्टीत आला होतास, सायकल घेऊन माळावर गेला होतास. धर्मराज पडला तेव्हा यांनी तुला हाक मारली, "शरद, जल्दी जा, परतूरहून डॉक्टरला घेऊन ये." तू सायकलीवर बसलास. हे वाट पाहत राहिले, मग छकडा जोडला. तू परतूरला गेलाच नव्हतास, हे यांना मागाहून कळलं. मंठ्याला मावशीकडे जाऊन जेवलास आणि तिथून औरंगाबादची मोटार धरलीस.

"मंग इतकी सालं बोलला का न्हाई?" मी विचारलं.

"तुझा भाऊ हाये. पोरगा भेला. त्यात काय सांगायचं?"

अदालतीत यांना विचारलं होतं, बरोबर कोण होतं. यांनी तुझं नाव घेतलं नाही. तुझी नोकरी तेव्हा लागायची होती.

भ्यालास त्याचा मला राग नाही. सगळं गाव भ्यालं. पण तू ते भ्यालेपण उचललंस आणि ज्याने तुला झाकलं त्याच्या हातात पराणी करून दिलंस. बाहेरच्या कुणी केलं असतं तर मी चार शिव्या देऊन विसरले असते.

हे पत्र तुला लिहू नकोस असं यांनी मला सांगितलं आहे. खेळ थांबवण्यापर्यंत नवऱ्याचं न ऐकता मी कधी काही केलं नव्हतं, हे दुसऱ्यांदा.

सोमवारी बाजार भरतो. ये, आणि बाजारात उभं राहून सांग की पराणी तू घातलीस. द्वारकाबाईला तिच्या घरी जाऊन सांग. डॉक्टरचं सांगायचं की नाही ते तू ठरव, मी कुणाला बोलणार नाही. एवढं केलंस तर घरी जेवायला ये. हे स्वतः तुझं ताट वाढायला लावतील, त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे.

नाही आलास तर मतं विचारायला मला पुन्हा पत्र टाकू नकोस. मला भाऊ होता एवढंच मी मुलींना सांगेन.

जगन्नाथ बरकुले यांची पत्नी,
शरयू