बारावा रोलर

तीर्थस्वरूप वन्सं,

नमस्कार. वाकून केला आहे असं समजा. प्रत्यक्षात मला वाकता येत नाही, कारण हे लिहिताना माझ्या डोक्यावर केस कुरळे करायचे सहा गरम रोलर आहेत आणि शेजारी तुमचे बंधू घड्याळ आणि वही घेऊन बसले आहेत. मी मान हलवली की ते वहीत 'मान हलवली' असं लिहितात. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? तुमच्या यजमानांचा खोकला एव्हाना गेला असेल. नसेल तर मागच्या वेळचं औषध घ्या म्हणावं, कडू आहे म्हणून ओतून देऊ नका. (झाडाच्या कुंडीत ओततात, हे मला ठाऊक आहे. ते झाड मी पाहिलं आहे.)

आमच्याकडे लेक आणि जावई चार महिने मुक्कामाला आहेत हे तुम्हाला माहीत आहेच. जावईबापू इस्त्र्यांच्या कारखान्यात नवे नमुने करायचे, तो विभागच बंद झाला. माणूस गुणी, पण सासरी राहायची वेळ आली याचं त्यांनी इतकं मनाला लावून घेतलं की चार महिन्यांत जेवताना एकदाही पुन्हा वाढून घेतलं नाही. मी आग्रह केला की पोटावर हात ठेवून म्हणायचे, भरलं. पोट कुठे दिसतं की भरेल! अशात केसांची उपकरणं करणाऱ्या एका कंपनीच्या मालकांनी त्यांना सांगितलं की तीन मिनिटांत तापेल आणि पंधरा मिनिटं ऊब धरेल असा रोलर करून आणा. येत्या बारा तारखेला आमच्या केशतज्ज्ञ बाई तो तपासतील, त्यांना पटला तर नोकरी तुमची. संधी ही एकच. घरात सगळे तेव्हापासून हळू आवाजात बोलतो.

आता रोलर करायचा म्हणजे केस हवेत. जावईबापूंचं कपाळ लग्नातच ऐसपैस होतं, आता त्याला हद्दच उरलेली नाही. तुमच्या बंधूंचे केस कानांजवळ आहेत, पण ते कानांच्या आतले. लेकीनं गेल्या वर्षी मुलासारखे कापून घेतले. राहता राहिलं माझं डोकं. आजवर या घरात ते कुणी विचारात घेतलं नव्हतं, ते एकदम कारखान्याची मालमत्ता झालं.

पहिला नमुना नुसत्या ॲल्युमिनियमचा. मिनिटभरात तापला आणि मी चाप लावेपर्यंत गार. बोळातल्या आरशापर्यंत पोचले तोवर कुरळेपण संपलं होतं. जावईबापूंचं म्हणणं पडलं की पटकन तापतं ते पटकन निवतं (हे मला त्यांच्या सासऱ्यांच्या स्वभावावरून आधीच माहीत होतं), तेव्हा आत काहीतरी जड भरायला हवं. म्हणून दुसऱ्या नमुन्यात त्यांनी भाजलेली माती ठासली. तो तापायलाच चाळीस मिनिटं लागली, आणि तापला तो तापलाच. चार वाजता मला दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. रोलर काढू म्हटलं तर हात लावता येईना आणि यांची वही पुरी व्हायची होती. शेवटी तुम्ही दिलेला निळा रुमाल डोक्याला बांधून तशीच गेले. डॉक्टरांनी खुर्ची मागे केली, थोड्या वेळानं रेक्झीनचा वास सुटला. ताप आहे का, असं विचारून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. सज्जन माणूस. मला ताठ बसवून, स्वतः गुडघ्यांवर येऊन त्यांनी दात भरला. निळ्या रुमालाला मात्र दोन गोल भोकं पडली, त्याबद्दल राग मानू नका. वहीत नोंद आहे: 'नमुना दोन. ऊब: अतिरेकी. तक्रार: आहे.'

नमुना तीन ते सात यांची हकीकत लिहीत नाही, कारण त्यातल्या एकानं उशी गेली आणि एकानं शेजाऱ्यांची वीज. सातव्यानंतर जावईबापूंनी हत्यारं पेटीत भरली आणि लेकीला सांगितलं की उद्या जाऊन कुठल्यातरी गोदामात कारकुनी मिळते का बघतो. शांतपणे सांगितलं, त्याचंच वाईट वाटलं. मी भांडी पुसत होते. तेव्हा मला मिशनच्या शाळेतली शिवण शिकवणारी सिस्टर आठवली. प्रार्थनेच्या खोलीत मेणबत्त्यांचं सांडलेलं मेण खरवडायचं काम ती आम्हा मुलींना द्यायची आणि आम्ही पेटत्या मेणबत्तीचे थेंब बोटावर पाडून कुणाला जास्त वेळ सोसतं याची पैज लावायचो. तेव्हा कळलं होतं की मेण गोठत असतं तोवर गार होत नाही, ऊब मुठीत धरल्यासारखी धरून बसतं. मी जावईबापूंना म्हटलं, रोलरमध्ये मेण भरून बघा. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं सासूबाई म्हणून आजवर कधी पाहिलं नव्हतं. लगेच उठले. नळीच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पाकळ्या, फुलासारख्या, आणि पाकळ्यांच्या मधे थोडंसंच मेण. पाकळ्यांमुळे तापतो लवकर आणि मेणामुळे निवतो उशिरा. आता माझ्या डोक्यावर आहेत ते हेच. दोन मिनिटं चाळीस सेकंदांत तापले, आणि हे पान लिहून होईतो सतरा मिनिटं झाली, अजून कानाला गोड ऊब लागते आहे. काल रात्री जेवताना जावईबापूंनी भांडं स्वतःकडे ओढून पुन्हा वाढून घेतलं. लेक पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली.

तेव्हा वन्सं, हे पत्र खरं आभाराचं आहे. त्या सिस्टरचे आभार मानायला ती नाही, डॉक्टरांकडे जायची सोय नाही, पण तुम्ही आहात. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही मला मागच्या खोलीत आरशासमोर बसवलं होतंत, आठवतं? वसतिगृहात वाढलेली मी, दोन घट्ट वेण्यांपलीकडे काही ठाऊक नव्हतं. तुम्ही तुमच्या गरम रोलरांच्या पेटीतून एकेक काढून माझ्या केसांत गुंडाळलात, आणि चटका बसू नये म्हणून दर वेळी माझ्या कानावर फुंकर घातलीत. त्या घरात तोवर माझ्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता. मी डोळे पुसले तर तुम्हाला वाटलं भाजलं, आणि तुम्ही माझी माफी मागितलीत. ती ऊब काही पंधरा मिनिटांची नव्हती.

सर्वांना नमस्कार, लहानांना पापा.

तुमची,
भावजय

ता. क. मेणाची गोष्ट खरी आहे, पण ती एक पेटी उघडल्यावर, आतल्या मेणाच्या वासानं आठवली. कुठली पेटी, हे सांगायला मघापासून शब्द शोधते आहे. वन्सं, एकतीस वर्षांपूर्वी आमच्या लेकीच्या पहिल्या वाढदिवसाहून परत जाताना तुमची रोलरांची पेटी हरवली, ती हरवली नव्हती. ती विसरून राहिली होती असं लिहिणार होते, पण तसंही नाही. मी ती तुमच्या पिशवीतून काढली. तुम्ही लांब राहायला चालला होतात आणि मला तुमचं काहीतरी जवळ हवं होतं. परत करणारच होते, तोवर तुमचं पत्र आलं की निघताना पिशवी माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या हातात होती, तेव्हा हे काम त्यांचंच. मग माझी हिंमत झाली नाही. एकतीस वर्षं तुम्ही त्यांच्याशी हो-नाहीपुरतं बोलता आणि मी दर पत्रात 'माणसं ओळखू येत नाहीत हो' असं लिहिते. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. त्या दिवशी भांडी ठेवून मी माळ्यावरून पेटी काढली आणि जावईबापूंच्या पुढ्यात ठेवली. तुमच्या बंधूंनी पेटी ओळखली. माझ्याकडे पाहिलं, आणि वहीत लिहिलं: 'जुना नमुना, नग अकरा. कुठून आला: चौकशी करू नये.'

ता. क. २. आत काय आहे हे पाहायला जावईबापूंनी अकराही कापले. आता केशतज्ज्ञ बाईंचा निरोप आला आहे की नवा रोलर जुन्या, न कापलेल्या रोलरशी ताडून बघणार. असा जगात आम्हाला माहीत असलेला एकच आहे: वाढदिवसाच्या त्या दिवशी तुमच्या मानेवर केसांत राहून गेलेला, जो तुम्ही पुरावा म्हणून कपाटात ठेवला आहे आणि आल्यागेल्याला दाखवता. तो घेऊन अकरा तारखेपर्यंत याल का? मला काय बोलायचं ते समोर बसून बोला, मी ऐकीन. फक्त बारा तारीख होऊ द्या.

ता. क. ३. माझं डोकं वापरलेलं आहे म्हणून बाईंना चालत नाही. लांब केसांची दोन नवी डोकी हवीत. एक तुमचं. दुसरं, आपल्या घरात तितके दाट केस धाकट्या जाऊबाईंचेच आहेत. त्यांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे, त्यात पहिल्या ओळीपासून नुसती माफी आहे. दोघींनी एकाच गाडीनं या. वाटेत बोलायला विषय मी दिलाच आहे.