काळ्या रानातलं टेनिस

निपाणी,
ता. १७ मे १९३८

ती. आक्कास रघुवीरचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. तुझी शाळा सुटली असेल, पोरी घरोघर गेल्या असतील आणि बेळगावच्या वाऱ्यात बसून पत्र वाचायला बाईंना सवड असेल, असं धरून लिहितो.

आधी माझी तक्रार. माझी दुपारची झोप मारली गेली आहे. अशील समोर बसलेला असताना डोळे उघडे ठेवून झोप काढणारा वकील मी. पण शेजारच्या परसात होळीपासून दगडी रूळ फिरतो आहे आणि त्याचा आस असा ओरडतो की म्हैस अडली समजून लोक वाटेत थांबतात. दिवाणी, फौजदारी, मुलकी, सगळे कायदे धुंडाळले. रुळाच्या ओरडण्याला कलम नाही.

शेजारी कोण राहायला आलंय हे मी दिवाळीपासून तुला लिहिलं नव्हतं. आता लिहितो. केशवराव. बेळगावच्या कचेरीत शिरस्तेदार होते, पेन्शन खायला इथं घर बांधलंय. परसात टेनिसचं कोर्ट घातलं, कारण प्रांतसाहेबांची मडम टेनिस खेळते आणि ह्यांना सरकारकडून रावसाहेबीचा किताब हवा आहे. मडमेला जोडीदारीण पाहिजे म्हणून धाकट्या नीलाला रॅकेट घेऊन दिली. होय आक्का, त्याच केशवरावांनी, स्वतःच्या मुलीला.

त्यांच्याशी तुझा साखरपुडा झाल्यावर त्यांचे काका आपल्या ओसरीवर येऊन बसले होते. दादांना म्हणाले, "मिशनच्या मडमेबरोबर बॅट घेऊन उड्या मारणारी सून आमच्या घरात नको." केशवराव शेजारी बसून पानाला चुना लावत होते. वर मान केली नाही. चुना मात्र शिरेपर्यंत नीट लावला. तू दाराआड होतीस. आपण दोघं ह्यावर कधी बोललो नाही, म्हणून आज लिहितो.

तर कोर्ट. बेळगावची माती तांबडी. गवत सोललं, मुरूम पसरला, शेणानं सारवलं, रूळ फिरवला की झालं. निपाणीची काळी पावसात फुगते, उन्हात फाटते. वैशाखात भेगेत अख्खी काठी जाते. इथं गोठ्याची भिंत घालणारासुद्धा काळी काढून मुरूम लागेपर्यंत खणतो. पण केशवरावांचा जन्म गोऱ्यांच्या कँपातली कोर्टं लांबून बघण्यात गेलेला. कुंपणावरून मला विचारतात, "काय वकीलसाहेब, वर वीतभर मुरूम पुरे ना?"

मी म्हटलं, "तुम्ही बेळगाव पाहिलेली माणसं. आम्ही निपाणीकर काय सांगणार?"

फार खूश झाले.

मुरूम टाकणारा भरमा संध्याकाळी माझ्याकडं आला. "आण्णा, ह्ये टिकायचं न्हाय. सांगू काय त्यास्नी?"

"तुला विचारलंय काय त्यांनी?"

"न्हाय."

"मग गप टाक की रं मुरूम."

परवाच्या रविवारी प्रांतसाहेब मडमेसह आले; शेजारी म्हणून मलाही चहाला बोलावलं होतं. जमीन कडक व्हावी म्हणून केशवरावांनी आठवडाभर पाणी मारलं नव्हतं. चुन्याच्या सरळ रेघांनी ओढ्याची वळणं घेतली होती. मडमेनं पहिला चेंडू मारला, तो टप्पा खाऊन आडवा उडाला आणि थेट साहेबांच्या टोपीवर. दुसरा टप्पा खायच्या आधीच भेगेत गेला. केशवराव फेटा-कोटासकट पालथे पडून खांद्यापर्यंत हात भेगेत घालून तो शोधू लागले. साहेबांनी मोडक्या मराठीत विचारलं, "शिरस्तेदार, हिथे पाणी लागटे काय?"

मी आणखी एक कप चहा मागितला. असा चहा मी जन्मात प्यालो नाही.

दिवेलागणीला नीला कुंपणापाशी आली. "काका, हे असं होणार हे तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"मग बाबांना सांगितलं का नाही?"

मी सांगितलं. तुझं नाव, केशवरावांच्या काकांचं वाक्य, पानाचा चुना, सगळं. पोरीनं कुंपणाची काटकी मोडली. मग म्हणाली, "बाबा म्हणतात, झालं तेवढं बस्स, तिथं कडबा रचतो. माझं काय? मला खेळायचंय."

आक्का, इथं मात्र माझी वकिली अडली. डाव जिंकलो होतो मी, आणि खेळणं पुन्हा एका पोरीचंच बंद होणार होतं. जे बापाला सांगितलं नाही ते तिला सांगितलं: काळी पार काढ, तळाला दगड भर, वर मुरमाचे थर पाणी मारून ठोक, भोवतीनं चर काढ. रात्री त्यांच्या घरातून आवाज येत होता, एकट्या नीलाचाच.

सकाळी केशवराव धोतर खोचून भरमाबरोबर खड्ड्यात. मी कुंपणाशी खुर्ची टाकून बसलो.

"वकीलसाहेब, अजून किती हो?"

"खणा अजून, केशवराव. काळीचा भरवसा नसतो."

मुरूम कमरेलाच लागला होता. मी छातीपर्यंत खणायला लावलंय. भरमा माझ्याकडं बघून मिशीत हसतो.

नीला विचारते, तुमच्या आक्का इकडं कधी येणार. ह्याचं उत्तर तुझं आहे.

एक राहिलं. साखरपुडा मोडल्यावर त्यांनी पातळ, खण, अंगठी, सगळं परत मागवलं होतं आणि आईनं पाठवलं. साखर तेवढी राहिली; ती आम्ही पोरांनी शिऱ्यात खाल्ली होती. आज नीला खणणाऱ्यांच्या सरबताला लिंबं मागायला आली. लिंबांबरोबर शेरभर साखर पुड्यात बांधून दिली. कशाची ते बोललो नाही.

त्यांचं आपल्याकडं आता काही नाही. आपलं त्यांच्याकडं जे येणं आहे ते मी सोडलेलं नाही.

तुझा धाकटा,
रघुवीर