बेडूक, कोंबडा आणि कोल्हारचे पाहुणे

२ नोव्हेंबर, रविवार
सकाळी आप्पांशी चार रेस. चारही हरले. दिवाळीत टीव्हीला जोडायचा गेम आणला तो माझ्यासाठी, पण आता बियाण्याचं दुकान बंद करून आले की आप्पा चहाच्या आधी कोंबडा निवडतात. इवल्याशा लाल गाडीत बसलेला कोंबडा. गाडी उडाली की आरवतो. आप्पाही आरवतात. मी कायम बेडूक.
आई म्हणाली, "एकोणतीसची झाली पोरगी अन् बेडूक पळवती. पाहुण्यांनी पाह्यलं तर?"
पुढच्या रविवारी कोल्हारचे येणार आहेत मला बघायला. मुलगा जनावरांचा डॉक्टर. नाव संदेश.

५ नोव्हेंबर, बुधवार
लॅबमध्ये खूप गर्दी. एका बाईंच्या हातात रिपोर्ट दिला, तर पाकीट उघडायचं सोडून माझ्या तोंडाकडेच बघत बसल्या. नॉर्मल होता. तरी.
श्रीगोंद्याहून बसने घरी, हातपाय धुतले की लगेच नदीचा ट्रॅक. बेडूक पुलावरून पाण्यात पडतो, डोक्यावर कमळाचं पान घेऊन वर येतो, अंग झटकतो, निघाला. कुणाला काही होत नाही. जो शेवटी असतो त्यालाच मोठा फुगा मिळतो, गाडी उचलून पुढे नेणारा. दिवसभर तसलं बघितल्यावर हे बरं वाटतं. आईला कसं सांगू.

८ नोव्हेंबर, शनिवार
बाजार. आप्पा दिवसभर दुकानात. आईने पडदे धुतले, गेम कपाटात टाकायला सांगितला. आप्पांनी "टाकतो" म्हणून टीव्हीमागे सरकवला फक्त.

९ नोव्हेंबर, रविवार
लिहिताना अजून हसू येतंय.
पाहुणे तिघं. संदेश, त्याची आई, मामा. पोहे झाले, माझं शिक्षण सांगून झालं, पुढे कुणालाच सुचेना. मामांनी मॅच लावायची म्हणून टीपॉयखालचा रिमोट उचलला. तो गेमचा. टीव्ही लागला आणि कोंबडा मोठ्याने आरवला.
आईने डोळे मिटून घेतले.
संदेश म्हणाला, "ह्यो कोनाचा?"
आप्पा म्हणाले, "माझा."
"मग एक रेस लावू का?"
त्याने अस्वल घेतलं. कधी खेळलेला नव्हता. तीनदा नदीत, एकदा उलट्या दिशेने. स्वतःलाच हसत होता. आई स्वयंपाकघराच्या दारातून मला खुणा करत होती, हर म्हणून. मी नाही हरले. म्हणजे हरणार नव्हते, पण शेवटच्या वळणावर त्या माणसाने माझ्यापुढे मध ओतला, चाकं चिकटली. आप्पा पहिले, अस्वल दुसरं, मी तिसरी. पहिल्याच भेटीत कुणी असं करतं का.
आवडलं मला. इथेच लिहिते.

१२ नोव्हेंबर, बुधवार
मध्यस्थांकडून निरोप. मामा म्हणाले, पोरगी अल्लड वाटती, बापही तसाच.
आई आप्पांशी बोलत नाही. आप्पा एवढंच म्हणाले, "तिला कशाला बोल लावती. कोंबडा माझा हुता."
आज कुणीच खेळलं नाही. टीव्हीवर कापड टाकलंय. लॅबमध्ये दोन नळ्यांवर नावं चुकीची लिहिली, वेळेत दिसलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
संदेशचा फोन. आप्पांच्या नंबरवर केला, आधी त्यांना विचारलं, मग मला दिला.
"मामांचं मामांपाशी. मी गेम आनलाय. आईनं बदक धरलंय, मला खेळायला मिळत न्हाई."
मी काहीतरी मूर्खासारखं बोलले बहुतेक. मग तो म्हणाला, "नेटवरून रेस लागती म्हनं. लावता का?"
टीव्हीवरचं कापड सारून लावली. काष्टीचा बेडूक, कोल्हारचं अस्वल. दोन ट्रॅक जिंकले. मध परत केला.

१९ नोव्हेंबर, बुधवार
रोज संध्याकाळी रेस. मधे मधे बोलणं. समोर बघावं लागत नाही म्हणून बोलता येतं. आज त्याने गायीची अडलेली वीण सोडवली, हात अजून दुखतोय म्हणाला, म्हणून अस्वल भिंतीला घासत होतं.
चढावर विचारलं, "लग्न झालं तर लॅब सोडायची का मी?"
"का? कोल्हारच्या बाजूला बी लोक आजारी पडत्यात की."
फिनिश लाइन दिसलीच नाही मला. सरळ नदीत.

२३ नोव्हेंबर, रविवार
दुपारी पुन्हा येतायत. मामाही. रोज रेस संपली की आई टीव्हीवर परत कापड टाकायची, आज तिनेच ते काढलं, रिमोट पुसले. हळूच विचारलं, "उडी मारायचं बटन कोनतं गं?" दाखवलं. बदकाला दोनदा उडवलं तिने, मग कुणी पाहिलं का बघून भाजी चिरायला गेली.
मी अजून हो म्हटलेलं नाही. तिकडे लॅबचं काम मिळेल का, आणि काही महिन्यांनी हसणं असंच राहील का, कोण सांगणार. हसतो छान एवढ्यावर हो म्हणायचं का. आणि इथे संध्याकाळी आप्पा.
मघाशी आप्पा शेजारी येऊन बसले. "तुझं काय म्हननं हाय?"
"बघू."
"बघ. नीट बघ. पन मी एकटा पडंन म्हनून न्हाई म्हनू नको."
मग त्यांनी दुसरा रिमोट माझ्या हातात दिला. पाहुणे यायला वेळ होता.