जंगलाची वाट लावावी का?

सोमवार, ३ तारीख

वनखात्याचं पाटी रंगवायचं काम मिळालं! जंगलातून तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर फाटक बसवून गाड्या बंद कराव्यात का, यावर जाहीर सुनावणी आहे. साहेबांनी मजकूर दिला — 'जंगलाच्या वाटेला फाटक लावावे का?' हो म्हटलं खरं, पण बाबांचं काय? बाबा जन्मभर वनरक्षक. पाय गेल्यापासून दर रविवारी मीच त्यांना गाडीतून तळ्यावर नेते. फाटक लागलं की त्यांचं तळं संपलं.

मंगळवार, ४

पत्रा आखूड निघाला. साहेबांना फोन केला. "थोडक्यात बसवा हो, मीटिंगमध्ये आहे." बसवलं. अक्षरं झकास आलीत!

बुधवार, ५

अरे देवा. पाटी चौकात लागली आणि मी ती पहिल्यांदा वाचली. 'जंगलाची वाट लावावी का?'

मी अक्षरं बघते, अर्थ बघायची सवयच नाही! साहेबांकडे धावले. "आता विषय जाहीर झाला. जाहीर झालेला विषय बदलता येत नाही." बाबा इतके हसले की ठसका लागला. "खात्याने इतकं खरं कधीच विचारलं नव्हतं!"

शनिवार, ८

सुनावणी. एका बाजूला मोटरसायकलवाले, त्यांचा पुढारी भिंगरी — हेल्मेट घालूनच बोलत होता, एक अक्षर कळेना. दुसऱ्या बाजूला पायी फिरणारे आणि त्यांच्या दुर्बीणकाकू. पक्षी बिथरतील म्हणून काकूंनी अख्खं भाषण कुजबुजत केलं — बंद हॉलमध्ये! "जंगल काय तुमच्या बापाचं आहे?" "आणि तुमचा धूर काय अत्तर आहे?" एका गृहस्थांना झाडाखाली पंखे हवे होते.

शेवटी साहेबांनी पाटीवरचा विषय जसाच्या तसा मताला टाकला. "जंगलाची वाट लावावी, असं ज्यांचं मत आहे त्यांनी हात वर करा." एकही हात नाही. "लावू नये?" सगळा हॉल! काकूंनी भिंगरीला मिठी मारली, हेल्मेटसकट. ठराव एकमताने मंजूर. फाटकाचं कोणी नावही काढलं नाही. बाबांचं तळं वाचलं! मी तिथेच रडले.

रविवार, ९

तळ्यावर. वाटभर मीच बडबडत होते, सगळ्यांच्या नकला करून दाखवल्या. बाबा तळ्याकडे न बघता माझ्याकडेच बघत होते. नाकाला रंग लागला असणार.

मंगळवार, ११

मुख्य कार्यालयाचा हुकूम — 'जंगलात वाट लावू नये असे जनतेचे एकमत आहे. सबब कोणतीही वाट राहणार नाही, गाडीची नाही आणि पायीही नाही.' दुपारी फाटक लागलं!

साहेबांचं ऑफिस फाटकाच्या आत. साहेब बाहेर खुर्ची टाकून बसलेत. हुकूम बदलायच्या अर्जावर शिक्का हवा, शिक्का आत, आणि आत जायला वाट नाही. असं कुठे असतं का? इथे असतं.

गुरुवार, १३

भिंगरी आणि काकू फाटकापाशी एकाच थर्मासमधला चहा पितायत. मला बघून दोघं एका सुरात — "ताई, तुमच्यामुळे जंगलाची वाट लागली!"

साहेबांनी नवी पाटी सांगितली. 'वाट बंद.' "यातलं काही गाळू नका," म्हणाले. रंगवली. माझ्याच हाताने. घरी बाबांशी एक शब्द बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलू?

रविवार, १६

सकाळी बाबा शर्ट घालून तयार. सांगावंच लागलं. मला रडू आवरेना.

"तळ्याचं काय घेऊन बसलीस? मला ते पाठ आहे," म्हणाले. "गाडीत तू बोलतेस. घरी नाही बोलत."

गाडीची किल्ली शोधतेय.