बुजवलेल्या पायऱ्या पुन्हा बुजवू देण्याबाबत

दिनांक : १२ डिसेंबर १९७०

प्रति,
माननीय प्रमुख अधिकारी,
यशस्वी उपाययोजना प्रसार कक्ष,
जिल्हा अहमदनगर.

विषय : मौजे खडकतळे येथील पिण्याच्या विहिरीच्या पायऱ्या बंद करण्यास परवानगी मिळणे व गावाचे नाव यशस्वी गावांतून कमी होणे.
संदर्भ : "प्रात्यक्षिक स्थळात फेरफार करू नये" हे आपले पत्र.

महोदय,

१. आमच्या गावाने एक चांगले काम केले. त्याचा मनापासून पश्चात्ताप होत असल्याने हा अर्ज करीत आहे.

२. आमची विहीर पायऱ्यांची होती. बायका पाण्यात उतरून घागरी भरीत. ज्याच्या पायातून नारू निघे, तोही तेच करी. नारू म्हणजे काय, हे आपल्या माहितीपत्रकात गुळगुळीत कागदावर छापले आहे. आमच्याकडे हा जंत पोटरीतून शेवयीसारखा निघे आणि काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढावा लागे. त्याची घाण पाण्यात, ते पाणी आमच्या पोटात, आणि पुढच्या साली नारू दुसऱ्याच्या पायात. माझी भावजय राहीबाई हिच्या एकाच पायातून तो तीनदा निघाला. शेवटी तिनेच बायका जमवून पायऱ्या दगडमातीने बुजवल्या व वर कठडा आणि कप्पी बसवून घेतली. पाण्याला पाय लागणे बंद झाले. दोन वर्षे गावात नारू नाही.

३. ही बातमी आपल्या कक्षास कळली, तेथून आमचे दिवस फिरले. एका गावाचा उपाय शंभर गावांनी उचलावा, हे आपले धोरण उत्तमच आहे. पाहुणे आले, कठड्यावरून वाकले व म्हणाले, "पायऱ्या कुठे आहेत?" बुजवल्या, असे सांगितले. आपले प्रसार अधिकारी नाराज झाले. पायऱ्या दिसल्याच नाहीत, तर त्या बुजवल्या हे पाहुण्यांना पटणार कसे? सबब सरकारी खर्चाने पायऱ्या उकरण्यात आल्या. त्यांना पांढरा रंगही दिला.

४. आता दर सोमवारी पाहुणे येतात, पायऱ्या उतरतात, आणि पायऱ्या उतरू नयेत यावरचे व्याख्यान खाली उभे राहून ऐकतात. विहिरीपाशी आलोच आहोत तर जलपूजन हवे. पूजेला चपला चालत नाहीत म्हणून अनवाणी, आणि ओटी पाण्यातच सोडायची म्हणून घोटाभर पाण्यात. एका साहेबांनी तेथेच चूळ भरली व तेथेच टाकली. तंबाखूची होती.

५. गेल्या सोमवारी शेजारच्या तालुक्यातून श्रीमंत नावाचे गृहस्थ आले. गुडघ्याखाली फडके, फडक्यात काडी, काडीला नारू. त्यांचा दोष नाही, ते बिचारे उपाय शिकायलाच आले होते. त्यांनी फडके सोडून पाय पाण्यात बुडवला व म्हणाले, "लई आग हुती वो. आता कसं गार वाटलं."

राहीबाई वरून ओरडली, "अवो भाऊ, पाय काढा भाईर! तेच पानी पितो आमी!"

आपले अधिकारी तिला म्हणाले, "बाई, गप्प बसा. हा कार्यक्रम तुमच्यासारख्यांसाठीच आहे."

"मंग सायेब, आमच्यासारख्यांला इचारून तरी करा की!"

यास आपल्या अहवालात "स्थानिक महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद" असे म्हटले आहे. बुडवलेल्या पायाचा फोटोही निघाला.

६. गावात दुसरी विहीर नाही. तूर्त आम्ही दुहेरी फडक्यातून गाळून पितो, पण तहानलेले पोर फडके शोधत बसत नाही. राहीबाईची नात बायडा नुकती चालू लागली आहे. पुढच्या साली तिच्या पायात नारू दिसला, तर तो ओढत बसणार तिची आजी. आपण त्याचे प्रात्यक्षिक ठेवाल.

७. तरी पायऱ्या बुजवू द्याव्यात व आमचे गाव अयशस्वी म्हणून जाहीर करावे. अयशस्वी गावाकडे आपल्या कक्षाचे कोणी फिरकत नाही, अशी खात्रीलायक माहिती आजूबाजूच्या गावांतून मिळाली आहे.

८. सोबत पाण्याची एक बाटली जोडली आहे. गेल्या सोमवारचा कार्यक्रम आटोपल्यावर ती राहीबाईने स्वतः भरली. येत्या सोमवारच्या आत आपण ती आपल्या अधिकाऱ्यांसह, न गाळता, प्यावी. न प्यायल्यास आमचे म्हणणे आपणास मान्य आहे असे समजून आम्ही दगड टाकण्यास सुरुवात करू.

आपला नम्र व तूर्त तहानलेला,
सूर्यभान गंगाराम उगले
मौजे खडकतळे

सोबत : वरीलप्रमाणे, बूच घट्ट लावून.