उंच गाडी, आडवा वारा

४ मार्च

पतंग! आजपासून माझे नाव पतंग. राहायची सोय असलेली त्यांची उंच कॅम्पर व्हॅन चालवताना मी वाऱ्यात कशी डोलले, ते भावजींनी जेवणाच्या टेबलाशी दोन्ही हात पसरून मित्रांना करून दाखवले. सगळे पोट धरून हसले. मी मान खाली घातली. ताई वाढत होती. आपल्या नवऱ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

"मेहुणीबाई, बोर्डात येणं निराळं, गाडी हाकणं निराळं!"

सूड. हा शब्द मी आजवर केवळ निबंधात वापरला होता.

७ मार्च

गाडीबरोबर आलेली जाडजूड पुस्तिका वाचते आहे. ताई भाजी निवडता निवडता प्रश्न विचारते, मी उत्तरे देते. तोंडी परीक्षाच! टपावर ओझे नको. तळाची पाण्याची टाकी भरलेली हवी, म्हणजे वजन खाली राहते. वेग आधीच कमी करावा. मोठ्या वाहनाच्या आडोशाला वारा नाहीसा होतो आणि आडोसा संपताच दाणकन अंगावर येतो. तिथे स्टिअरिंगला हिसका द्यायचा नाही.

ताईला हे आता माझ्याइतकेच पाठ आहे.

९ मार्च

भावजी कामावर गेले की ताई मुकाट्याने किल्ली पुढे करते. मोकळ्या मैदानात सराव. आज डोलले नाही.

१२ मार्च

उद्या सहल. भावजींनी पाण्याची टाकी रिकामी केली – डिझेल वाचते म्हणे! – आणि सायकली टपावर बांधल्या. मी धीर करून बोलले.

"पुस्तकातला वारा पुस्तकात ठेवा," इति भावजी.

ठीक. यापुढे एक अक्षर बोलणार नाही. 'तू चालव' हे शब्द त्यांच्याच तोंडून ऐकेन, तेव्हाच माझा जीव थंड होईल.

१३ मार्च

घडले!

लांबलचक पूल, डावीकडून भणाणता वारा. मी पुढे भावजींशेजारी, ताई मागे. डाव्या बाजूला एक कंटेनर. भावजींनी वेग वाढवून त्याला मागे टाकायला घेतले. आडोशात गाडी शांत झाली. ते शीळ घालू लागले. पुढे काय होणार, हे मला धड्यासारखे दिसत होते. मी ओठ घट्ट मिटले.

आडोसा संपला. गाडी कठड्याकडे फेकली गेली. भावजींनी हिसका दिला – नेमका तोच! – आणि डावीकडची चाके उचलली गेल्यासारखे वाटले. मागे डबे कोसळले. कशीबशी सावरली.

पूल संपताच त्यांनी गाडी कडेला घेतली. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू चालव."

आधी सायकली टपावरून उतरवून आत घ्यायला लावल्या. पुढच्या पंपावर पाण्याची टाकी भरून घेतली. मग निघाले, सावकाश, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवोत! भावजी मागच्या बाकावर पट्टा आवळून बसले होते. 'पतंग कुणाचा कटला?' असे विचारायचे फार मनात होते. जीभ रेटली नाही. पण आरशात त्यांचा चेहरा पुन्हा पुन्हा पाहिला. किती गोड वाटले!

१४ मार्च

ताई मागे बसली होती. पुलावर हे माझ्या मनातही आले नाही! सकाळी चहा करताना तिला सांगून टाकले: मला सगळे दिसत होते, तरी मी मुद्दाम गप्प राहिले.

तिने गॅस बारीक केला.

"मलाही दिसत होतं गं," ती म्हणाली. "मीही गप्पच बसले."