तंदुरुस्तीचा दाखला

१० सप्टेंबर १९५६, सोमवार
यादी लागली. नोव्हेंबरात मध्यभारत राज्य जाणार, नवा प्रांत येणार, राजधानी भोपाळ. सुपरिंटेंडेंटच्या जागेसाठी माझं नाव पहिलं, महिपतरावाचं दुसरं. आता फक्त सरकारी डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला हवा. आठ वर्षांपूर्वी संस्थानची फौज विलीन झाली आणि मला, रिसालदाराच्या मुलाला, फायलींमागे बसवलं. त्याची भरपाई आता होईल.
आजपासून गोड बंद. आजोबा मधुमेहाने गेले, वडीलही. खानदानी रोग. पण मी निश्चयाचा माणूस.

१२ सप्टेंबर
नई सडकेवर इमरती. दोनच. तिसरी हलवायाने आग्रहाने दिली, ती धरत नाही.

२० सप्टेंबर, सकाळी
मोरीत मुंग्या. मी लघवी करतो तिथेच. योगायोग. हिने पाहिलं आणि तोंड उघडलं. सख्ख्या मामाची मुलगी बायको केली की असं होतं, नवऱ्याला भीतच नाही. पण रक्तात भेसळ नाही, हे आमच्या घराण्याचं वैशिष्ट्य.
मंदा आठ वाजेपर्यंत अंथरुणात. एकोणीस वर्षांची मुलगी! म्हणते, "आबा, बहुत थकान होते." तोंड सुजलेलं. इतकं झोपल्यावर सुजणारच.

४ ऑक्टोबर
उद्या तपासणी. सकाळची पहिली लघवी घरून बाटलीत आणायची आहे. माझी दिली तर साखर निघणार आणि महिपतराव भोपाळला जाणार. विचार केला. मार्ग सापडला. जुन्या लढवय्यांचं डोकं असंच चालतं.

५ ऑक्टोबर
मंदाला सांगितलं, लग्नाआधी हल्ली तपासणी करतात, बाटली भरून दे. पोर खूश झाली. म्हणाली, माझी किती काळजी करता, आबा.
बाटलीवर माझं नाव. एकोणीस वर्षांची निर्मळ लघवी. दाखला खिशात समजा.

९ ऑक्टोबर
नापास.
साखर अजिबात नाही. पण नळी तापवली तर आतलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं साकळलं. सरकारी डॉक्टरने मला खुर्ची दिली. म्हणाला, दोन्ही गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडं, जवळजवळ गेलेत, मीठ बंद करा, पडून राहा, वर्ष निघालं तर नशीब. मला घाम फुटला. जिना उतरताना आठवलं की बाटली माझी नव्हतीच. केवढा धीर आला!
मग पुन्हा घाम फुटला.

१० ऑक्टोबर
खरं सांगितलं तर फसवणूक, नोकरी जाणार, पेन्शनही. घाई करण्यात अर्थ नाही. त्यांची नळीच घाण असेल. दसऱ्यानंतर बघू.

१७ ऑक्टोबर
ऑफिसातून चौघे समाचाराला आले. महिपतरावही. नाइलाजाने खाटेवर पडलो, कण्हलो. माझ्यासाठी घरात अळणी स्वयंपाक. मंदा तोच जेवली, आबांना एकट्याला नको म्हणून. बरंच झालं. म्हणजे पथ्य आपोआप चालू आहे, सांगायची गरज नाही.
दुपारी तिने माझे पाय चेपले. तिच्या स्वतःच्या पायांवर बोट दाबलं की खड्डा पडतो. मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं.

२६ ऑक्टोबर
माझ्यासाठी पाणी तापवून आणताना मंदा ओसरीवर कोसळली. ही ओरडत सुटली. खाजगी दवाखान्यातले डॉ. लक्ष्मीकांत आले. घरातल्या सगळ्यांची तपासणी केली. हिला विचारलं, लग्नाआधी यजमान तुमचे कोण लागत होते? ही म्हणाली, आतेभाऊ. आणखी मूल? ही म्हणाली, मोठा सूर्याजी, सोळाव्या वर्षी असाच सुजून गेला. मी म्हणालो, त्याला शिवपुरीचं पाणी बाधलं होतं. डॉक्टर म्हणाले, पाणी नाही. थोडा दोष तुमच्यात, तोच थोडा यांच्यात, दोघांनाही त्रास नाही. पण मुलांना दोन्हीकडून मिळाला.
रक्तात भेसळ नाही, ती अशी.
मग माझी नळी. "किंचित साखर. या वयात एवढ्यावरून कुणी नापास करत नाही. गुर्दे ठणठणीत आहेत तुमचे. मग तो सरकारी रिपोर्ट कुणाचा?"
मी म्हणालो, सरकारी काम, बाटल्या बदलल्या असतील.
त्यांनी मंदाची नळी उजेडात धरली, मग माझ्याकडे वळले. "तारीख काय होती त्या रिपोर्टाची?"
आठवत नाही म्हणालो.

१ नोव्हेंबर, गुरुवार
मध्यभारत संपला. महिपतराव भोपाळला रुजू. मला 'रोग असाध्य' म्हणून घरी बसवल्याचा हुकूम.
आज हिला सगळं सांगायचं ठरवलं होतं. उठणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून मंदाचा आवाज आला. डॉक्टरांनी तिच्याबद्दल जे सांगितलं, ते हिने रडत रडत तिला सांगितलं असावं.
मंदा म्हणत होती, "आई, आबांना यातलं काही नको सांगूस. त्यांची तबियत आधीच नाजूक आहे."
मी पांघरूण ओढून घेतलं.